नवी कोरी पडकी भिंत

धाकट्या लेकीचं लग्न मोडलं आणि पुढच्याच महिन्यात त्याच मुलाशी पुन्हा जुळलं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळलं ते कसं, हे त्या दोघांनाच ठाऊक. मोडलं ते का, याबद्दल मात्र काकूंचं ठाम मत होतं. मुलाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी चहाचा कप खाली ठेवला, खिशातून ओळंबा काढला, दिवाणखान्याच्या भिंतीला लावला आणि भावी व्याह्यांना विचारलं, "बाहेर आली आहे हो भिंत. घर बांधलं कोणी?"

घर व्याह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं.

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही, ते त्यावरून कळतं. काकांनी विटा वाहण्यापासून सुरुवात केली आणि बांधकामावरचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले ते काका, ओळंबा नव्हे. तो खिशातच राहिला. दवाखान्यात गेले तर आधी दवाखान्याची भिंत तपासत, मग स्वतःला तपासू देत. म्हणून सगळी वसाहत त्यांना ओळंबाकाका म्हणायची आणि ते घरी येणार म्हटलं की कपाटं सरकवून भिंती झाकायची.

लेक सासरी गेली. घर रिकामं झालं. एका सकाळी काकू म्हणाल्या, "मी कॉलेजात जाणार आहे."

"कोणाला भेटायला?"

"शिकायला."

संध्याकाळचा वर्ग होता. विषयाचं नाव एवढं लांब होतं की काकांनी ते दोन दमांत वाचलं: देशोदेशीच्या कला आणि विचार, रोमँटिसिझमपासून आजपर्यंत. साठीच्या पुढच्यांना प्रवेश खुला होता. काकूंना लहानपणी कॉलेजात जायचं होतं, ते राहून गेलं होतं. काकांना कुठेच जायचं नव्हतं. पण संध्याकाळी एकट्याने घरात बसून भिंतींकडे बघायचं, आणि त्या भिंती सरळ आहेत हे आधीच माहीत असताना बघायचं, यात काही राम नव्हता. त्यांनीही नाव घातलं.

यात आणखी एक कारण होतं, ते काकांनी कोणाला सांगितलं नाही. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरं त्यांना काकूंनी शिकवली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी आवरून झाल्यावर. एकदा काकांनी पानभर मजकूर असा वळणदार उतरवून काढला की छापखान्याने मान खाली घालावी. काकूंनी पान उलटसुलट पाहिलं. "सुंदर," त्या म्हणाल्या. "आता वाचा." काकांना त्यातला एक शब्द वाचता येईना. त्यांनी अक्षरं लिहिली नव्हती, नक्षी काढावी तशी काढली होती. पुढे ते वाचायला शिकले, पत्रं लिहायला लागले, वर्तमानपत्राशी भांडायला लागले. पण काकूंच्या तोंडून शाब्बास हा शब्द काही निघाला नाही. तो निघाल्याशिवाय आपण मरणार नाही, असा काकांचा मनातल्या मनात बेत होता.

वर्ग घेणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की एका काळी लोक बुद्धीला कंटाळले आणि भावनेकडे वळले. पडद्यावर चित्रं दाखवली: वादळ, चंद्र, दरीच्या काठावर उभी माणसं. काकू पहिल्या बाकावरून भराभर लिहून घेत होत्या. काका त्यांच्या शेजारी बसून चित्राकडे डोळे बारीक करून बघत होते.

"काका, काय वाटतं हे पाहून?" मॅडमनी विचारलं.

"कठडा नाही," काका म्हणाले.

पुढे मॅडम म्हणाल्या की त्या काळातल्या लोकांना पडक्या वास्तूंचं फार वेड. मोडक्या कमानी, ढासळलेल्या भिंती पाहून त्यांचं मन भरून यायचं. ज्या श्रीमंतांच्या जमिनीवर पडकं काही नव्हतं, ते बागेत मुद्दाम पडकं बांधून घ्यायचे. नवीन, पण पडकं.

काका ताठ बसले. सबंध वर्गात त्यांना पूर्ण समजलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. त्यानंतर मॅडम रोमँटिसिझममधून बाहेर पडल्या, पुढच्या शंभर वर्षांतून चालत गेल्या, पूर्वेकडची छापील रंगीत चित्रं पश्चिमेकडे पोचली आणि तिथले चित्रकार कसे हरखले ते सांगितलं, नुसती एखादी वस्तू उचलून ठेवली तरी ती कला कशी होऊ शकते तेही सांगितलं. काका या प्रवासात नव्हते. ते त्या बागेतच थांबले होते आणि विटांचा हिशोब करत होते.

पास व्हायला प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता. काकूंनी निबंध लिहायचं ठरवलं.

"आणि तुम्ही, काका?"

"पडकं बांधतो," काका म्हणाले.

वसाहतीचे सेक्रेटरी तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. आवारातल्या पाण्याच्या टाकीमागचा कोपरा काकांनी त्यांच्याकडे मागितला.

"काय बांधणार?"

"पडकी भिंत."

"भिंत बांधणार, आणि मग ती पडणार?"

"नाही. पडकीच बांधणार."

डॉक्टरांनी काकांच्या जबड्याकडे पाहिलं. त्यांना कोणाचंही काही कळेनासं झालं की ते जबड्याकडे बघत. "बांधा," ते म्हणाले. "पण मजबूत बांधा. मुलं खेळतात तिथे."

इथूनच घात झाला. मजबूत पडकी भिंत ही काय चीज असते, ते सांगायला मॅडमच्या पडद्यावरचं कोणी येणार नव्हतं.

एक जुनी लाँड्री पाडत होते, तिथून काकांनी जुन्या विटा आणल्या. थापी घेतली, सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि भिंत वाकडी बांधायला सुरुवात केली. दिवसभर खपून पाठ धरली, तेव्हा मागे सरून पाहिलं. भिंत सरळ होती. ओळंबा लावला. अगदी सरळ. हाताला सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाडली आणि नवी युक्ती काढली: प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा बोटभर बाहेर. संध्याकाळी काकू बघायला आल्या.

"कशी आहे?"

"वाकडी आहे," काकू म्हणाल्या. काकांची छाती फुगली. "पण नेमाने वाकडी आहे. जिन्यासारखी."

काकांनी शेवटी आपल्या जुन्या गवंड्याला बोलावलं. दोघांनी मिळून अर्धं गाव उभं केलं होतं. गवंड्याने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली, पुन्हा पेटवली.

"साहेब, मी एकदा खिडकी जराशी तिरकी बसवली होती. तुम्ही सगळी भिंत पाडायला लावली होती. आठवतं?"

"आठवतं."

"त्यापायी मी आठवडाभर जेवलो नव्हतो धड."

"तशीच तिरकी बसव."

"आता?"

"आता."

गवंडी उठला आणि वर जाऊन काकूंना हळूच म्हणाला, "वहिनी, साहेबांची झोप होते ना नीट?"

काकूंनी त्याला चहा दिला आणि रोमँटिसिझम समजावून सांगितला. चहा त्याने पूर्ण घेतला.

तरी त्याने काम केलं. दात-ओठ खात केलं, पण केलं. आठवड्याअखेर पाण्याच्या टाकीमागे एक अर्धी कमान, एक बिनचौकटीची खिडकी आणि एक खाली खाली उतरत गेलेली भिंत उभी राहिली. काका वाकडी वीट सांगत, गवंडी डोळे मिटून ती लावत असे.

मग वसाहत बघायला आली. काकांची कल्पना होती की लोक थोडे मागे उभे राहतील, वर बघतील आणि त्यांचं मन भरून येईल. लोक भिंतीला चिकटून उभे राहिले आणि सूचना करू लागले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सुचवलं की एवढं केलंच आहे तर वर पत्रा टाका, सायकली ठेवता येतील. एका निवृत्त बँकवाल्याने विचारलं, मधेच सिमेंट संपलं का. डॉक्टर कमानीच्या फटीसमोर बराच वेळ उभे राहिले. फट दिसली की त्यांच्या हाताची बोटं आपोआप हलायची.

"ही भरायला हवी, काका. आज दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नसते."

"ती मुद्दाम ठेवली आहे, डॉक्टर."

"सगळे पेशंट असंच म्हणतात."

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवली होती. आपल्या भिंतीला कोणी नावं ठेवली की किती लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं. म्हणजे शिक्षण चालू होतं, फक्त अभ्यासक्रमाबाहेरचं.

वरच्या पत्र्याची सूचना करणाऱ्या बाईंचा भाऊ नगरपालिकेत होता की नुसता ओळखीचा होता, ते कधी कळलं नाही. पण सोमवारी बांधकाम खात्याचा इन्स्पेक्टर आला.

"परवानगी?"

"ही इमारत नाही," काका म्हणाले. "पडकं आहे."

"काम पूर्ण कधी होणार?"

"झालं आहे."

इन्स्पेक्टरने भिंतीभोवती एक फेरी मारली. "छप्पर कुठे आहे?"

"पडलं."

"कधी पडलं?"

"बांधलंच नाही."

इन्स्पेक्टर सभ्य माणूस होता. त्याने घाम पुसला आणि अर्धवट बांधकामाची नोटीस चिकटवली: महिनाअखेरपर्यंत पूर्ण करा, नाहीतर पाडा. "मला पडकं असा रकानाच नाही हो," तो जाता जाता म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

बुधवारी धोकादायक इमारतींचं खातं आलं. त्यांनी लांबूनच पाहून नोटीस लावली: रहिवाशांनी ताबडतोब अन्यत्र स्थलांतर करावे. रहिवासी म्हणजे एक मांजर होती, तिने कमानीत पिल्लं घातली होती. तिने नोटीस लागली त्याच दिवशी पिल्लं उचलून डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये हलवली. सरकारी हुकमाची एवढी तातडीची अंमलबजावणी त्या आवारात आधी कधी झाली नव्हती.

"एका खात्याला अर्धी वाटते, दुसऱ्याला पडायला आलेली," काका घरी येऊन म्हणाले. "म्हणजे जमलं आहे मला."

"मॅडम काय म्हणतात ते बघा," काकू निबंधातून डोकं वर न काढता म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिसरं खातं आलं. पुराणवस्तू खात्याचा हा अधिकारी तरुण होता आणि त्याचे डोळे चमकत होते. तो खाली बसला, विटेवर नख फिरवलं, भिंग लावलं, विटेचा वास घेतला.

"दोनशे वर्षं तरी," तो पुटपुटला.

"मागच्या महिन्यात बांधली," काका म्हणाले.

"कोणी?"

"मी."

अधिकाऱ्याने म्हाताऱ्या माणसाशी हसतात तसं हसून पाहिलं. "काका, बऱ्याच जणांना असं वाटतं."

"अहो, विटा जुन्या आहेत. भिंत नवी आहे."

"भिंत कशाची असते?"

"विटांची."

"मग?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सांगितलं की हाच प्रश्न मॅडमनी वर्गात घातला होता, काका झोपले होते तेव्हा. अधिकाऱ्याने भिंतीला दोरी बांधली आणि पाटी ठोकली: संरक्षित वास्तू. हात लावणे गुन्हा आहे.

काका दुखावले की सुखावले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दोनशे वर्षं! एवढं पडकं दुसऱ्या कोणाला जमलं असतं? पण श्रेय कोणा अज्ञात, मेलेल्या गवंड्याला गेलं होतं. जिवंत गवंड्याला हे सांगितलं तेव्हा तो नुसता उसासला. "बरं झालं, साहेब. माझं नाव नाही आलं."

शनिवारी मॅडम प्रकल्प बघायला येणार होत्या. शुक्रवारी काका-काकू लेकीकडे जेवायला गेले. दारातच काकूंनी हात पुढे केला आणि काकांनी निमूटपणे ओळंबा त्यांच्या पर्समध्ये टाकला. जेवण छान झालं. व्याही स्वतःच्या भिंतीला पाठ लावून उभे होते, तिथून ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

संध्याकाळी दोघं परत आले, तर पाण्याच्या टाकीमागे काहीतरी पांढरं चमकत होतं.

कमान पूर्ण झाली होती. भिंत एका उंचीला आली होती. सगळीकडून गुळगुळीत गिलावा, वर पांढरा रंग. खिडकीला चौकट, चौकटीला काच. कमानीतली फट अशी बुजवली होती की तिथे कधी फट होती हे तिच्या आईलाही ओळखू येऊ नये. पुराणवस्तू खात्याची पाटी काढून, गिलावा करून, पुन्हा जागेवर लावली होती. सरळ लावली होती.

गवंडी आणि डॉक्टर हात पुसत उभे होते. दोघांच्या चेहऱ्यांवर समाधान मावत नव्हतं.

"उद्या परीक्षा ना, साहेब," गवंडी म्हणाला. "तसल्या भिंतीवर तुमचं नाव जाऊ देईन का मी?"

"फिलिंग माझं," डॉक्टर लाजत म्हणाले.

काकांनी खिसा चाचपला. काकूंनी पर्समधून ओळंबा काढून दिला. काकांनी तो वरून सोडला. दोरी भिंतीला लागून अशी उतरली की मधे केस शिरायला जागा नव्हती. चाळीस वर्षांत गवंड्याने याहून चांगली भिंत बांधली नव्हती. काकांचे डोळे भरून आले. जुन्या काळच्या त्या बागांतल्या लोकांचे येत असतील तसेच, फक्त उलट्या कारणाने.

शनिवारी सकाळी काका हातोडा घेऊन खाली उतरले. तोवर पुराणवस्तूवाला येऊन थडकला होता.

"हात लावाल तर गुन्हा आहे! कोणी केली ही विटंबना?"

"मीच पाडतो की आता," काका म्हणाले.

"पाडता येणार नाही! संरक्षित आहे."

"काय संरक्षित आहे? गिलावा?"

"गिलाव्याच्या आतलं. आणि ते काढायचं तर गिलावाही पुरावा आहे."

इतक्यात बांधकाम खात्याचा इन्स्पेक्टर मुदतीची आठवण करायला आला, त्याने भिंत पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "पूर्ण केलीत! अहो, इतकं मनावर कोणी घेत नाही हल्ली." त्याने जागच्या जागी नोटिशीवर 'पूर्ण' असा शिक्का मारला. त्यावरून तो आणि पुराणवस्तूवाला एकमेकांच्या अंगावर धावून गेले. डॉक्टर मधे पडले. गवंडी बाजूला उभा राहून कोणी रंगाला हात लावत नाही ना ते बघत होता. मांजर पिल्लांना घेऊन पुन्हा कमानीत राहायला आली.

अशात मॅडम आल्या.

त्या फाटकापाशी थांबल्या. पांढरी भिंत, दोन नोटिसा, दोरी, पाटी, शिक्का, भांडणारी माणसं, हातोडा घेऊन बसलेले काका, सगळं त्यांनी डोळे भरून पाहिलं. मग छातीवर हात ठेवला.

"काका," त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

"काय?"

"एकाच वास्तूला अर्धवट, पडाऊ, प्राचीन आणि पूर्ण ठरवणारी सगळी व्यवस्था तुम्ही प्रेक्षकांसमोर उभी केलीत! यात सगळे सामील आहेत. ही आजची कला आहे."

"नाही हो मॅडम, हे रोमँटिक आहे!"

"होतं, काका. तिथून निघून ते आजपर्यंत आलं. सबंध अभ्यासक्रम केलात तुम्ही. पहिला वर्ग!"

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. काका वळून काकूंकडे बघायला लागले. त्या भिंतीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे खूप वर्षांपूर्वी त्या वळणदार पानाकडे बघताना होतं. सुंदर. आता वाचा.

काका उठले. "मॅडम, मला नापास करा."

"अहो पण..."

"मी पडकं बांधायला निघालो होतो. मला ते जमलं नाही. ही भिंत या गवंड्याने बांधली, फट डॉक्टरांनी भरली, कागद सरकारने लावले आणि अर्थ तुम्ही लावलात. यात माझं काय आहे? तुम्ही काय म्हणालात ते मला वाचून दाखवता यायचं नाही."

मॅडमनी खूप समजावलं. काका हटले नाहीत. शेवटी त्यांना कॉलेजच्या कचेरीत पाठवलं, तर तिथला कारकून म्हणाला की नापास झालेल्याला पास व्हायचं असेल तर त्यासाठी अर्ज आहे, पास झालेल्याला नापास व्हायची सोय नाही. काकांनी त्याच्या टेबलासमोर अशी बैठक मारली की जेवणाच्या सुट्टीआधी सोय झाली.

परतीच्या वाटेवर काकू बरोबर होत्या. त्यांचा निबंध उत्तम ठरला होता. जिना चढताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा नाव घाला."

"आणि तू? तू तर पास झालीस."

"पहिल्या बाकावर तुमची जागा कोण धरणार?"

शाब्बास काही त्या म्हणाल्या नाहीत. काकांनी हिशोब केला: म्हणजे अजून मरायला वेळ आहे.

पुढे ते दरवर्षी वर्गात बसले. दर वर्षी त्यांना काहीतरी नवीन समजलं आणि दर वर्षी ते प्रकल्पात नापास झाले, बहुधा स्वतःच्याच आग्रहाने. एका वर्षी तर मॅडमनी त्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासायला बसवलं, तेव्हा त्यांनी निम्मा वर्ग नापास केला आणि सगळ्यांना चहा पाजला. भिंत मात्र तशीच राहिली. सरकारी पाटी होती, कोणी हात लावू शकत नव्हतं. सकाळी काका चहाचा कप घेऊन गॅलरीत येत आणि तिच्याकडे रागाने बघत. जन्मात पहिल्यांदाच एक सरळ भिंत त्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

"पडेल हो कधीतरी," काकू म्हणायच्या.

"ती? आपल्या गवंड्याने बांधलेली? आपण पडू आधी."

डॉक्टरांनी बुजवलेल्या फटीत कुठूनतरी एक बी पडलं होतं. त्याचं रोप झालं, रोपाचं मूळ गिलाव्यात शिरलं, गिलावा फुगला. एका पावसाळ्यात कमानीचा कोपरा ढासळला, खिडकीची चौकट एका खिळ्यावर लोंबकळली, काच फुटली आणि भिंत एका अंगाला कलली. डॉक्टर सवयीने गवंड्याला फोन करायला निघाले होते.

"राहू द्या," काकू म्हणाल्या.

त्या काठी टेकत टाकीमागे आल्या. पर्समधून ओळंबा काढला आणि कललेल्या भिंतीवरून सोडला. दोरी एका ठिकाणी विटेला चिकटली, दुसऱ्या ठिकाणी वीतभर लांब राहिली, तिसऱ्या ठिकाणी रोपाच्या मुळांत अडकली. कुठेच सारखी नव्हती. काकू मागे सरल्या, वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या.

काकांच्या बेतात हे बसलं नाही. ते आदल्याच वर्षी, धाकट्या लेकीला मुलगी झाली त्या थंडीत, एका बुधवारी दुपारी जेवून आडवे झाले आणि वारले.